आमचा उमेदवार पडला, त्यानंतरचे दिवस

निवडणुकीत आपला माणूस पडला की त्याचं दुःख करायची सोय नसते. नोकरी गेली तर लोक विचारपूस करतात, घरात कोणी आजारी असेल तर फोन करतात, पण निकालानंतर आठवडाभर तुमचा चेहरा उतरलेला दिसला तर हमखास ऐकावं लागतं की अगं सोड ना, कोणीही निवडून आलं तरी आपल्याला काय मिळणारे. मला काही मिळणार नव्हतंच. तरी झोप लागत नव्हती, घास उतरत नव्हता, आणि कोणाला सांगायला जावं तर राजकारणाचं एवढं मनाला लावून घेतात का हा प्रश्न तयारच असायचा. आता बराच काळ गेलाय, डोकं शांत आहे, म्हणून सगळं लिहून काढतेय. ज्यांनी कधी कोणासाठी मनापासून काम केलंय आणि हरलेत त्यांना बहुतेक कळेल.

विधानसभेची निवडणूक होती. मतदारसंघ आणि पक्ष सांगत नाही, कारण ते सांगितलं की पुढचं सगळं लोक त्याच हिशोबाने वाचणार, आणि मला जे म्हणायचंय ते दोन्हीकडच्यांना सारखंच लागू आहे. महाराष्ट्रात तर 2024 ने हे सगळ्यांनाच दाखवून दिलं. जूनमध्ये लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला आणि 17 महायुतीला, आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला विधानसभेच्या 288 पैकी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांच्याच मिळून 230. सहा महिनेही झाले नाहीत तोवर दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी गुलालही बघितला आणि बंद ऑफिसचं शटरही बघितलं. त्यामुळे हे अमक्याच बाजूचं दुखणं आहे असं काही नाही.

मी त्याआधी कधी प्रचारात नव्हते. मत द्यायचं, बोटाची शाई दाखवत फोटो काढायचा, संपलं. या वेळी उमेदवार ओळखीचा होता, म्हणजे अगदी घरचा नाही, पण आमच्या भागातल्या शाळेच्या रस्त्यासाठी आम्ही बायका जेव्हा अर्ज घेऊन फिरत होतो तेव्हा हा माणूस प्रत्येक वेळी सोबत आला होता, फोटो न काढता. त्याला तिकीट मिळालं तेव्हा मला वाटलं की आता घरी बसायचं नाही. मग मतदारयादीची पानं वाटून घेतली, एका पानाच्या नावांची जबाबदारी एका माणसाकडे, घरोघरी जाऊन चिठ्ठ्या द्यायच्या, कोण बाहेरगावी आहे, कोण वारलंय पण यादीत आहे, कोणाचं नाव चुकलंय, सगळं पेन्सिलने लिहून ठेवायचं. ऑफिस सुटल्यावर रोज हेच.

आशा कशी वाढते हे मी त्या दिवसांत अगदी जवळून बघितलं. दारात उभं राहिलं की लोक हो म्हणतात. सगळ्यांनाच म्हणतात, जुन्या कार्यकर्त्यांना हे माहीत असतं, ते मला सांगतही होते की ताई, दारातला हो मोजायचा नाही. पण मोजला जातोच हो. एखादी आजी हात धरून म्हणते, तुमचाच येणार बघ, तर ते दिवसभर मनात राहतं, आणि ज्याने दार अर्धवट उघडून चिठ्ठी घेतली आणि काहीच बोलला नाही तो रात्री आठवत नाही. संध्याकाळी सगळे भेटलो की एकच भाषा, वातावरण चांगलंय, सीट निघते, फक्त लीड किती हाच प्रश्न आहे. आणि सगळे आपलेच लोक, ग्रुपही आपलाच, त्यात व्हिडिओही आपल्याच सभेचे. त्या आशेत काही खोटं नव्हतं. आम्ही खरंच राबत होतो आणि राबणाऱ्या माणसाला फळ येणार असं वाटतंच, नाहीतर तो सकाळी उठून निघणारच नाही.

मतदान झालं आणि मग मधले ते दिवस. प्रचार मतदान संपायच्या 48 तास आधीच थांबलेला असतो, मतदानाचा दिवस धावपळीत जातो, आणि मग एकदम हाताला कामच उरत नाही. त्या रिकाम्या वेळात एक्झिट पोल येतात. मतदान पूर्ण संपेपर्यंत ते दाखवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे संध्याकाळी सगळे चॅनेल एकदमच सुरू होतात. मी ते सगळे बघितले, ज्यात आम्ही वर होतो ते दोनदा बघितले. 2004 ला हेच पोल वाजपेयींचं सरकार परत येणार म्हणत होते आणि काँग्रेस 145, भाजप 138 असा निकाल लागला, 2024 च्या 1 जूनला एनडीएला 350 च्या वर जागा दाखवत होते आणि आल्या 293. हे सगळं मला पाठ होतं. माहीत असूनही मन त्या आकड्यांना धरूनच बसतं, कारण त्या दिवसांत दुसरं धरायला काहीच नसतं.

मतमोजणीला मी आत होते, उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून, गळ्यात कार्ड वगैरे. हे मुद्दाम सविस्तर सांगते कारण टीव्हीवर निकाल बघणं आणि आत बसून बघणं यात खूप फरक आहे. आत फोन नेऊ देत नाहीत. म्हणजे राज्यात काय चाललंय, कोण पुढे आहे, काही कळत नाही, तुमच्यासमोर फक्त एक टेबल आणि मधे जाळी. आठला पोस्टल मतं सुरू झाली, नंतर मशीनं. एका राउंडला 14 टेबलं, म्हणजे 14 बूथ. स्ट्राँगरूममधून कंट्रोल युनिट येतं, टेबलावरचा माणूस सील जाळीपलीकडून आपल्याला दाखवतो, मतदानाच्या दिवशी बूथवर जो 17 सी फॉर्म भरलेला असतो त्यातली एकूण मतं आणि मशीनवरची एकूण मतं जुळतात का ते बघतात, आणि मग रिझल्टचं बटण. एकेका उमेदवाराचा आकडा छोट्या डिस्प्लेवर येतो आणि जातो. आपण तो पटकन लिहून घ्यायचा. बस, एवढंच. महिनोन्महिने जे बोललं, चाललं, भांडलं गेलं त्याचा एक आकडा, दोन सेकंद दिसणारा.

पहिले काही राउंड आम्ही पुढे होतो. फार नाही, पण होतो. माझ्या शेजारी विरोधी उमेदवाराचा प्रतिनिधी होता, वयस्कर गृहस्थ, ते मान खाली घालून लिहीत होते. मग हळूहळू ते फिरलं. एका राउंडला बरोबरीत आलो, पुढच्याला मागे, आणि मग माझ्या टेबलावर आमच्याच भागातला बूथ आला, ज्याच्या यादीची पानं मी स्वतः केली होती. मला त्या बूथची नावं पाठ होती, मी त्यांच्या दारात उभी राहिले होते. आकडा आला तेव्हा मला आधी वाटलं की मी चुकीच्या उमेदवाराच्या पुढे लिहिलं. नाही, बरोबर लिहिलं होतं. दोघांची मतं जवळजवळ सारखी. जिथे आम्ही मोठं लीड धरलं होतं तिथे बरोबरी. त्या क्षणी मला कळलं की सीट गेली, माइकवरून राउंडची घोषणा व्हायच्या आधीच. आणि उठून जाताही येत नव्हतं, कारण अजून राउंड बाकी होते आणि आकडे लिहायचं काम माझं होतं. ते मी शेवटपर्यंत केलं. शेजारच्या गृहस्थांनी निघताना एवढंच म्हटलं, पोरी, चांगलं लिहितेस तू. त्यांचा माणूस जिंकला होता आणि तरी त्यांनी चिडवलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

बाहेर आल्यावर फोन चालू केला तर ग्रुपवर मेसेजचा पूर. अर्धे रडण्याचे, अर्धे मशीनच्या नावाने. मी त्यावर एकच उत्तर दिलं, माझ्या टेबलावर 17 सी आणि मशीन जुळलं, प्रत्येक वेळी जुळलं, बाकी टेबलांचं त्या त्या माणसाने सांगावं. त्यावरून दोघं माझ्यावर चिडले. मला त्यांचा राग आला नाही, कारण मला कळत होतं की कारण मिळालं तर दुःख जरा कमी होईल असं त्यांना वाटतंय. पण पहिल्या रात्री सापडणारी कारणं अशीच असतात, जात, पैसा, मशीन, अमक्याने काम केलं नाही, तमक्याने आतून मदत केली. त्यातलं काही खरंही असेल. पण त्या रात्री ती खरी आहेत म्हणून कोणी शोधत नाही, कोणावर तरी टाकायचं असतं म्हणून शोधतात. मी त्या रात्री ग्रुप म्यूट केला आणि ठरवलं की कारणांचं नंतर बघू.

पुढचे काही दिवस वाईट गेले. सगळ्यात वाईट म्हणजे हरल्याचं दुःख नव्हतंच, लोकांचा राग होता. रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मनात यायचं, याने दिलं नसेल. ती आजी भेटली, हात धरून बोलणारी, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवेना. लिफ्टमध्ये कोणी हसलं तरी वाटायचं आपल्याला बघून हसतायत. हा राग फार आतून पोखरतो, कारण ज्यांच्यात राहायचंय त्यांच्यावरच तो असतो. विरोधी नेत्यावरचा राग टीव्ही बंद केला की थांबतो, शेजाऱ्यावरचा थांबत नाही, तो रोज भेटतो.

याच्या जोडीला जर-तर. त्या गल्लीत अजून एकदा गेलो असतो तर, शेवटच्या दोन तासांत गाड्या कमी पडल्या नसत्या तर. राजस्थानात 2008 ला नाथद्वाऱ्यात सी. पी. जोशी एका मताने पडले होते, 2024 ला मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल 48 मतांवर लागला. असे निकाल वाचले की माझ्या अंगावर काटा येतो, त्यांच्या कार्यकर्त्यांनी तो जर-तर कसा सोसला असेल. आमचा फरक काही हजारांचा होता, तरी रात्री डोकं ते हजार एकेक करून गोळा करायला बसायचं.

या काळात लोक धीर द्यायला इतिहास सांगतात. बाबासाहेब 1952 ला उत्तर मुंबईतून हरले, 1954 ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. भाजप 1984 ला दोन जागांवर होता. इंदिरा गांधी 1977 ला स्वतःच्या रायबरेलीत पडल्या आणि 1980 ला परत आल्या. सगळं खरं आहे, पण पहिल्या आठवड्यात याचा शून्य उपयोग होतो. कोणाचं दुःख ताजं असताना त्याला इतिहास सांगू नका, नुसतं शेजारी बसा. माझी मामेबहीण आली होती, ती दुसऱ्या पक्षाची, तिने निकालाचा विषयच काढला नाही, माझ्यासोबत कपाट आवरायला बसली. तेवढं पुरलं.

मला स्वतःला आधार कशाने मिळाला तर थोडा वाचण्याने आणि बराच बाबांमुळे.

वाचलं ते असं. अमेरिकेत टेक्सासला 1994 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत ॲन रिचर्ड्स हरल्या आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश जिंकले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांना आधीच विचारून ठेवलं होतं की तुमचा उमेदवार हरला तर महिन्याने तुम्हाला कसं वाटेल. रिचर्ड्सच्या मतदारांनी सांगितलं होतं की आम्ही बरेच दुःखी असू. महिन्याने विचारलं तर ते आधी जेवढे आनंदी होते तेवढेच होते, आणि बुशबद्दलही त्यांना स्वतःला वाटलं होतं त्यापेक्षा बरं मत झालं होतं. म्हणजे दुःख किती टिकेल याचा आपला अंदाज आपल्याच बाबतीत चुकतो. अजून एक, 2012 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या एका अभ्यासात दिसलं की हरलेल्या बाजूच्या लोकांचा आनंद एकदम खाली आला, चांगलाच खाली, पण साधारण आठवड्याभरात परत वर आला, आणि जिंकलेल्यांचा मात्र फारसा वाढलाच नव्हता. हे वाचून मला दोन गोष्टींनी हायसं वाटलं. एक म्हणजे एवढं दुखणं वेडेपणाचं नाही, मोजण्याइतकं खरं आहे. दुसरं म्हणजे याला शेवट आहे. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2016 ला लोकांना विचारलं तेव्हा 52 टक्के लोकांनी निवडणुकीचा मोठा ताण येतो म्हणून सांगितलं, 2020 ला तो आकडा 68 वर गेला. म्हणजे मी एकटी नाही, फक्त आपल्याकडे हे कोणी बोलत नाही.

माझं आठवड्यात संपलं नाही हेही सांगते. नुसतं मत देणाऱ्याचं आणि काम केलेल्याचं दुःख वेगळं असावं. पण दिवसागणिक कमी होत होतं हे मात्र खरं.

आता बाबांचं. बाबा 1977 ला एकोणीस वर्षांचे होते. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं, त्यामुळे स्वतःचं मत नव्हतंच, पण आणीबाणीनंतरची निवडणूक म्हणून ते आणि त्यांचे मित्र जनता पक्षासाठी भिंती रंगवत फिरले होते. निकाल रेडिओवर ऐकले, रायबरेलीचा आला तेव्हा आख्खी गल्ली रस्त्यावर, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलीय, आणि ती नेहमी तिथेच संपायची, नाचण्यावर. या वेळी मी गप्प बसलेली बघून ते जवळ आले आणि पहिल्यांदा त्याच्या पुढचं बोलले.

म्हणाले, तुझं दुःख सोपं आहे गं, तू हरलीस. आम्ही जिंकलो होतो.

मग सांगत बसले. मोरारजींनी मार्च 77 ला शपथ घेतली तेव्हा त्यांना वाटलं की आता देश वेगळाच होणार. आणि मग नेत्यांची भांडणं सुरू झाली, रोज पेपरात कोणीतरी रुसलेलं, कोणीतरी फुटलेलं, जुलै 79 ला सरकार पडलं, चरणसिंग ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्याच पाठिंब्यावर पंतप्रधान झाले आणि संसदेला सामोरे न जाताच गेले, जानेवारी 80 ला इंदिरा गांधी 353 जागा घेऊन परत. बाबा म्हणाले, तोपर्यंत मला 21 पूर्ण झाली होती, पहिलं मत द्यायचं होतं, आणि कोणाला द्यावं हेच कळेना. हरल्यावर निदान राग तरी करता येतो, जिंकल्यावर आपलीच माणसं अशी वागली तर राग कोणावर करायचा. त्यातून बाहेर यायला मला काही वर्षं लागली.

मी विचारलं, मग बाबा तुम्ही परत कसे काय गेलात मतदानाला? तुम्ही तर एकही मतदान चुकवलेलं नाही.

तर म्हणाले, आणीबाणी परत आली नाही ना. आम्ही भिंती रंगवल्या त्यातलं तेवढं टिकलं. मला वाटलं होतं सगळं बदलेल, ते नाही झालं, पण एक गोष्ट झाली आणि ती टिकली. मी ती धरून ठेवली.

यावर मी खूप दिवस विचार करत होते. आम्ही निवडणुकीत जी आशा लावली होती तिच्यात किती काय काय कोंबलं होतं. रस्ता होईल, शाळा सुधारेल हे तर होतंच, पण आपल्या भागातले लोक चांगले आहेत हे सिद्ध होईल, प्रामाणिक माणूस जिंकू शकतो हे सिद्ध होईल, आपली मेहनत वाया जात नाही हे सिद्ध होईल, हे सगळं त्या एका आकड्याकडून हवं होतं. एका बूथच्या डिस्प्लेवर दोन सेकंद दिसणारा आकडा एवढं कसं काय सांगणार. तो एवढंच सांगतो की त्या दिवशी त्या बूथवर किती लोकांनी कोणतं बटण दाबलं. का दाबलं, नाखुशीने दाबलं की आनंदाने, शेवटच्या क्षणी मन बदललं की आधीच ठरलं होतं, यातलं काहीच त्यात नसतं. त्या आजीने कदाचित मत दिलंही असेल. नसेल दिलं तरी तिने हात धरला होता तो खोटा होता असं मी आता म्हणणार नाही.

कारणांचं नंतर बघू म्हटलं होतं ते नंतर खरंच बघितलं. निवडणूक अधिकाऱ्यांकडून फॉर्म 20 येतो, त्यात प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली हे सगळं असतं, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर टाकतात. तो आल्यावर आम्ही चारपाच जणं बसलो, तोपर्यंत सगळ्यांचा राग जरा निवला होता. आणि पहिल्या रात्रीच्या कारणांपैकी बरीचशी त्या कागदावर टिकेनात. ज्या वस्तीने दगा दिला असं सगळे म्हणत होते तिथे आम्हाला चांगलं लीड होतं. आम्ही मार खाल्ला होता तो नवीन सोसायट्यांच्या भागात, जिथे आम्ही गेलोच नव्हतो असं नाही, पण संध्याकाळी सातच्या आत जात होतो आणि लोक कामावरून यायचे आठ-नऊला. हे इतकं साधं होतं की ऐकून सगळे गप्प बसले. त्या वस्तीबद्दल जे बोललं गेलं होतं ते आठवून एका दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनातला लोकांवरचा राग खऱ्या अर्थाने गेला तो त्या दिवशी. म्हणून कोणी विचारलं तर मी हेच सांगते, दुःख लगेच करा, मनसोक्त करा, कारणं मात्र फॉर्म 20 हातात आल्याशिवाय ठरवू नका.

आणि हेही खरं की जागांवरून लोकांचं मन मोजता येत नाही. त्या 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती, जागा मात्र 30 आणि 17. जो हरतो त्याला वाटतं सगळं राज्य आपल्या विरोधात गेलं, आणि जो जिंकतो त्याला वाटतं सगळं राज्य आपलं. दोन्ही नसतं. तुमच्यासारखा विचार करणारे लाखो लोक दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात, त्याच बसमध्ये, त्याच रांगेत.

आमच्या टीममध्ये एक मुलगी होती, पहिलंच मत होतं तिचं. ती सगळ्यात जास्त कोसळली. मला म्हणाली, ताई, मी आता परत मत देणारच नाही, काय उपयोग आहे. मी तिला समजावलं नाही. मी म्हटलं बरं, पुढचं मतदान लांब आहे, आत्ता ठरवायची गरज नाही, आत्ता तू फक्त नीट झोप. पहिल्या निवडणुकीत हरलेल्या पोरांना जपायला हवं असं मला फार वाटतं. मोठे लोक तेव्हा पुढच्या गणितात गुंतलेले असतात आणि ही पोरं अशीच गळून जातात, कोणाच्या लक्षातही येत नाही. उमेदवाराने मात्र एक चांगलं केलं, स्वतः हरलेला असताना यादीतल्या प्रत्येक पानप्रमुखाला फोन केला. भाषण नाही, फक्त नाव घेऊन आभार. तिला फोन आला तेव्हा ती रडली आणि मग बरी झाली, निदान बोलायला तरी लागली.

मग आम्ही एक काम काढलं जे निकालावर अवलंबून नव्हतं. पेन्सिलने लिहून ठेवलेल्या त्या याद्या होत्याच. वारलेल्यांसाठी फॉर्म 7, पत्ता किंवा नाव चुकलेल्यांसाठी फॉर्म 8, नवीन अठरा झालेल्यांसाठी फॉर्म 6. आता त्यासाठी वर्षात चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर, त्यामुळे आधीसारखं एकाच जानेवारीची वाट बघत बसावं लागत नाही. यात आपल्याला मत देणाराही येतो आणि न देणाराही. मला हे काम फार आवडलं, कारण एक नाव दुरुस्त झालं की ते झालं, त्याला कोणी हरवू शकत नाही.

सगळ्यात अवघड होतं ते शाळेच्या रस्त्याचं. तो प्रश्न तसाच पडून होता आणि आता आमदार दुसराच होता, ज्याच्याविरुद्ध आम्ही दारोदार फिरलो होतो. बायकांची एक बैठक झाली, काहीजणी म्हणाल्या त्याच्या दारात कशाला जायचं, पाच वर्षं थांबू. मला ते पटेना. तो ज्यांनी मत दिलं त्यांचाच आमदार आहे असं आपणच मानलं तर त्यालाही तसंच वागायला आपण मोकळं सोडतो. मी अर्ज घेऊन गेले. पायऱ्या चढताना पोटात गोळा आला होता हे खरं. ऑफिसमधल्या माणसाने मला ओळखलं, तुम्ही तिकडच्या ना, म्हणाला. मी म्हटलं, हो, आणि आता तुमच्या आमदारांच्या मतदारसंघातली आहे, हा रस्त्याचा अर्ज. त्याने घेतला, वाचला, पोच दिली, शिक्का मारून, तारीख टाकून. काम होईल की नाही ते अजून ठरलेलं नाही, एकदा पाहणी करून गेलेत एवढंच. पण जिना उतरताना मला कित्येक दिवसांनी मोकळं वाटलं. आता पावसाळ्याआधी परत एकदा जायचंय, त्या पोचेची झेरॉक्स जोडून, आणि या वेळी ती पहिल्या मतवाली मुलगीही येते म्हणालीय, अर्ज तीच लिहितेय.